‘आम्ही नेपल्सचे’ एवढ्या धाग्यावरून इटलीतलं गाव कसं गाठायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नवरा इटालियन-अमेरिकन, राहायला न्यूजर्सीत. सासूबाईंचे वडिलांकडचे आजोबा १९०५च्या आसपास नेपल्सहून न्यूयॉर्कला उतरले. ‘आम्ही नेपल्सचे’ यापलीकडे घरात कुणाला काही माहीत नाही. अंतेनाती या इटलीच्या सरकारी संकेतस्थळावर आडनाव टाकलंत, हाती काही लागलं नाही. त्यात कुणी सांगितलं की एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर, लोकांची नावं बदलायचे, आणि तिथले कागद तर आगीत गेले. मग नाद सोडावा की इटलीतल्या एखाद्या संशोधकाला पैसे मोजावेत?

इतक्यात दोन्ही नको. मी अमेरिकेत राहून लोकांसाठी हेच काम करते आणि बहुतेक कुटुंबं नेमकी याच जागी अडकलेली बघते. आडनाव तुमच्याकडे आहे. नाहीये ते गावाचं नाव. आणि ते इटलीत बसून सापडणं फार कठीण, ते अमेरिकेतल्या कागदांत सापडतं.

याचं कारण इटलीतल्या नोंदींच्या रचनेत आहे. तिथे जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद कोमूनेत होते. कोमूने म्हणजे आपल्या ग्रामपंचायत-नगरपालिकेसारखी संस्था. आजही देशात ७,९००च्या आसपास कोमूने आहेत. प्रत्येक नोंदवहीच्या दोन प्रती निघत. एक कोमूनेत राहायची, दुसरी न्यायालयाकडे जायची आणि पुढे त्या प्रांताच्या सरकारी अभिलेखागारात. अंतेनातीवर दिसतात ती पानं या दुसऱ्या प्रतीची. पण ती पानांची छायाचित्रं आहेत. नावानुसार सूची फार थोड्या भागाची झाली आहे, सगळ्या देशाची एकत्र सूची तर नाहीच. त्यामुळे नाव टाकून काही आलं नाही याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही. गावाचं नाव कळलं की तेच संकेतस्थळ अगदी वेगळं वाटायला लागेल.

‘नेपल्स’बद्दल. कोकणातला माणूस परदेशात स्वतःला बिनदिक्कत ‘मुंबईचा’ म्हणवतो, तसंच हे. नेपल्स हे बंदर होतं. कांपानिया, बासिलिकाता, कालाब्रिया, मोलिझे, आब्रुत्सो असा सगळा दक्षिण भाग तिथूनच बोटीत चढायचा. आव्हेल्लीनोच्या डोंगरातला शेतमजूर असो की पोतेन्झाकडचा गवंडी, नातवंडांच्या तोंडी सगळे ‘नेपल्सचे’. खुद्द शहरातले असण्याची शक्यता आहेच, पण तेवढं धरून शहराच्या नोंदवह्या चाळायला बसू नका. त्या शहरात दरवर्षी हजारो जन्म, शिवाय नोंदी विभागवार वेगळ्या.

आता आग आणि नावबदल. एलिस आयलंडवर आग लागली ती १५ जून १८९७ला. सासूबाईंचे आजोबा त्यानंतर आले, तेव्हा त्यांचा त्या आगीशी संबंध नाही. (आधी आलेल्यांच्या प्रवासी याद्यासुद्धा बहुतांश शाबूत आहेत, कारण त्या कस्टमकडे वेगळ्या ठेवलेल्या असत.) नावाचं म्हणाल तर बेटावरचे अधिकारी नावं लिहीतच नसत. यादी बोट कंपनीचे कारकून निघण्याच्या बंदरावर तयार करत, म्हणजे नेपल्सची यादी इटालियन माणसाने लिहिलेली. एलिस आयलंडवर ती फक्त पडताळून बघत, तीही दुभाष्यांच्या मदतीने. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फियोरेल्लो ला ग्वार्डिया १९०७ ते १९१० तिथे दुभाषी होते. नावं बदलली ती नंतर: शाळेत, कारखान्यात, पगाराच्या चिठ्ठीवर, बऱ्याचदा स्वतःच्याच सोयीसाठी. म्हणून प्रवासी यादीत मूळ इटालियन नाव शोधा, जनगणनेत अमेरिकन. विन्चेन्झोचा जेम्स होतो, साल्व्हातोरेचा सॅम, कालोजेरोचा चार्ल्स किंवा कार्ल, रोक्कोचा रॉय. आणि बायका! इटलीच्या कागदांत बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने असते, प्रवासी यादीतही बहुधा तशीच. सासूबाईंच्या आजी सापडत नसतील तर नवऱ्याचं आडनाव सोडा आणि माहेरचं टाका.

कुठल्या कागदातून गाव निघेल हे तीन गोष्टींवर ठरतं: ते नक्की कधी आले, अमेरिकेचे नागरिक झाले का आणि झाले तर कोणत्या वर्षी, आणि वारले कधी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी जनगणनेत मिळतात. १९००, १९१० आणि १९२०च्या जनगणनेत आगमनाचं वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती असे रकाने आहेत. ‘एएल’ म्हणजे परदेशी, ‘पीए’ म्हणजे पहिला अर्ज केलेला, ‘एनए’ म्हणजे नागरिक झालेला. १९२०मध्ये नागरिक झाल्याचं वर्षही विचारलं होतं. आगमनाचं वर्ष दर दहा वर्षांनी बदललेलं दिसेल. घाबरू नका, दार उघडायला जो आला त्याने आठवेल ते सांगितलं, एवढंच.

त्याआधी घरातलं बघून घ्या. सासूबाईंच्या आत्या, काका कुणी असतील तर त्यांना ‘गाव कुठलं’ असं विचारू नका, त्यावर ‘नेपल्स’च येईल. घरात कुठल्या देवाचा फोटो होता, उत्सव कुठल्या तारखेला करायचे, आजोबा कोणत्या मंडळात जायचे, ते विचारा. दक्षिण इटलीच्या लोकांनी इथे गावागावाची परस्पर सहाय्य मंडळं काढली होती आणि मंडळाच्या नावात बहुतेक वेळा गावच्या संताचं नाव असे. संतांवरून मुलांचीही नावं पडत. घरात दर पिढीत एक जेर्लान्दो असेल तर आग्रिजेंतोकडे बघावं, रोसालिया असेल तर पालेर्मोकडे, जेन्नारो नेपल्सकडे, जेरार्दो पोतेन्झाकडे. हा पुरावा नव्हे, पण कुठल्या दिशेने बघायचं ते कळतं.

आता माझा सगळ्यात भरवशाचा कागद: नागरिकत्वाचा अर्ज. २७ सप्टेंबर १९०६पासून अमेरिकेत हे अर्ज एका ठरावीक नमुन्यात आले. त्याआधी कुठलंही न्यायालय आपल्या पद्धतीने नागरिकत्व देई आणि कागदावर ‘इटलीच्या राजाची निष्ठा सोडतो’ याखेरीज फारसं काही नसे. नव्या नमुन्यात जन्मतारीख, जन्मगाव, बोटीचं नाव, उतरल्याची तारीख, आणि मुख्य अर्जात बायको-मुलांची माहितीही मागितली आहे. अर्ज दोन टप्प्यांचा: आधी इरादापत्र, मग काही वर्षांनी मुख्य अर्ज. दोन्ही मिळवा, कारण कधी एकात नुसतं ‘नेपल्स’ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यात गावाचं नाव. जुलै १९२९नंतरच्या इरादापत्रावर फोटो असतो. सासूबाईंना आजोबांचा तरुणपणचा चेहरा कदाचित तिथेच पहिल्यांदा दिसेल. न्यायालयाची प्रत काउंटी क्लार्ककडे (काउंटी म्हणजे जिल्हा, तिथल्या नोंदी सांभाळणारा अधिकारी) किंवा राष्ट्रीय अभिलेखागारात असते, बऱ्याच न्यायालयांची पानं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. तिथे नसेल तर इमिग्रेशन खात्याचा वंशावळ विभाग आहे: आधी सूचीत नाव शोधायचा अर्ज करायचा, मग फाइल मागवायची. वेळ लागतो, म्हणून न्यायालयाची प्रत आधी शोधून बघा.

ते नागरिक झालेच नसतील तरी कागद आहेत. १९४०मध्ये कायदा करून १४ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाची नोंदणी झाली, त्या अर्जात जन्मगाव विचारलं आहे आणि तोही त्याच विभागाकडून मिळतो. बायकांबाबत एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर १९२२पूर्वी नवरा नागरिक झाला की बायको आपोआप नागरिक होई, त्यामुळे सासूबाईंच्या आजींचा वेगळा अर्ज नसण्याची शक्यता बरीच.

पुढचा कागद प्रवासी यादी. इथे लोक एक चूक हमखास करतात: नाव सापडलं की पानाचं चित्र साठवतात आणि पुढे जातात. संपूर्ण पान वाचायचं. १९०५च्या यादीत शेवटचं राहण्याचं ठिकाण, कुणाकडे चाललो त्याचं नाव-पत्ता, खिशात किती डॉलर, आधी अमेरिकेत येऊन गेलात का, असे रकाने आहेत. शेवटच्या ठिकाणाच्या रकान्यात बहुधा गावच असतं, पण कारकुनाच्या हस्ताक्षरात आणि कानावर पडलं तसं. मग वरच्या-खालच्या ओळी बघा. एकाच गावची पाच-सहा माणसं एकत्र निघालेली असतात, आणि जे नाव तुमच्या ओळीत लागत नाही ते शेजारच्या ओळीत स्वच्छ असतं. नावावर आडवी रेघ असेल तर तिकीट काढून तो बोटीत चढलाच नाही असं समजा. मग तोच माणूस पुढच्या एखाद्या बोटीवर शोधायचा.

१९०६-०७नंतर यादी रुंद झाली, दोन पानांवर पसरली. जन्मगाव आणि मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता हे रकाने तेव्हा आले. सासूबाईंचे आजोबा १९०५चे, म्हणजे त्या फेरीत हे मिळणार नाही. पण एक फेरी करून थांबणारे थोडेच होते. दक्षिणेतले कितीतरी पुरुष दोन-चार हंगाम रेल्वेवर, बांधकामावर राबून गावी परतत, लग्न करत, पुन्हा येत. त्यांची १९०७नंतरची एखादी फेरी शोधा, नाहीतर बायको-मुलं ज्या बोटीने आली तिची यादी. ‘वडील अमुक, राहणार तमुक’ अशी एक ओळ मिळाली की गाव मिळालं आणि आणखी एक पिढीही मिळाली. शोधताना एलिस आयलंडच्या स्वतःच्या खिडकीपेक्षा स्टीव्ह मोर्स यांचं फुकट शोधसाधन मला जास्त सोयीचं वाटतं. उच्चारावरून आणि अर्ध्या अक्षरांवरून त्यात शोधता येतं.

बाकीचे कागद भराभर सांगते. पहिल्या महायुद्धाच्या लष्करी नोंदणीत जून १९१७ आणि जून १९१८च्या फेऱ्यांमध्ये जन्मगाव विचारलं आहे. सप्टेंबर १९१८च्या मोठ्या फेरीत नाही. १९४२मध्ये वयस्कर पुरुषांची नोंदणी झाली, त्यात आहे. १९३६नंतरच्या सोशल सिक्युरिटीच्या (अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेच्या) अर्जावर आईचं माहेरचं आडनाव मिळतं. इटालियन वस्तीतल्या चर्चच्या लग्नाच्या वहीत वर-वधूचं मूळ गाव, कधी बाप्तिस्मा झालेलं चर्चसुद्धा असतं. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र माझा विश्वास कमी. तो भरून देणारा मुलगा असतो, ज्याने आपले आजी-आजोबा पाहिलेलेही नसतात. लग्नाच्या दाखल्यात आईवडिलांची नावं माणसाने स्वतः सांगितलेली असतात, तो आधी मागवा.

समजा गाव मिळालं. लगेच आजच्या नकाशात शोधाल आणि तीच नावं चार प्रांतांत दिसतील. किंवा गाव कोमूनेच नसेल, दुसऱ्या कोमूनेतली वाडी असेल; मग नोंदी त्या मोठ्या कोमूनेत. प्रांतांच्या हद्दीही बदलल्या आहेत. कासेर्ता प्रांत १९२७मध्ये मोडून १९४५मध्ये पुन्हा केला, फ्रोझिनोने प्रांत १९२७चा, इझेर्निया १९७०चा. जुन्या कागदात ‘जिर्जेंती’ दिसलं तर ते आजचं आग्रिजेंतो. म्हणून अंतेनातीवर एका प्रांतात गाव नाही मिळालं तर त्या काळी ते कुठल्या प्रांतात होतं ते बघा.

नोंदी किती मागे जातात हे प्रदेशावर आहे. तुमच्या सुदैवाने नेपल्सच्या जुन्या राज्याच्या मुख्य भूमीवर सरकारी नोंदणी १८०९पासून आहे. सिसिलीत १८२०पासून. उत्तरेत चित्र वेगळं: नेपोलियनच्या काळातली थोडी वर्षं, मग खंड, आणि एकीकरणानंतर १८६६पासून सलग, व्हेनेतोत १८७१पासून आणि त्रेंतीनोत तर १९२४पासून. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत.

अंतेनातीवर प्रांत, कोमूने, वर्ष, नोंदीचा प्रकार असं उतरत जायचं. बहुतेक वह्यांच्या शेवटी त्या वर्षाची सूची असते, काही ठिकाणी दहा वर्षांची एकत्र सूचीही. आधी सूची, मग पान. जन्माची नोंद छापील मजकुरातल्या गाळलेल्या जागा भरून केलेली असते: अमुक दिवशी कोमूनेच्या कचेरीत माझ्यासमोर अमुक हजर झाला, वय इतकं, शेतमजूर, राहणार इथलाच, त्याने सांगितलं की अमुक रस्त्यावरच्या घरी त्याच्याबरोबर राहणाऱ्या त्याच्या बायकोला मुलगा झाला. आकडे अक्षरांत लिहिलेले असतात, तेव्हा इटालियन अंक आणि महिने पाठ करा, तेवढ्यावर बरंच काम होतं. ‘७ब्रे’ असं दिसलं तर सप्टेंबर, जुलै नव्हे, ‘८ब्रे’ ऑक्टोबर. पालकांना पाच दिवसांत नोंद करायची मुभा होती, त्यामुळे डिसेंबरअखेरचा जन्म पुढच्या वर्षाच्या वहीत सापडू शकतो. वडिलांच्या नावानंतर येणाऱ्या आजोबांच्या नावाआधी ‘दि’ असेल तर आजोबा तेव्हा हयात, ‘फू’ असेल तर वारलेले. या दोन अक्षरांवरून आजोबांचा मृत्यू कुठल्या वर्षांच्या मधे शोधायचा ते ठरतं. समासही वाचा, पुढे झालेल्या लग्नाची नोंद कधीकधी तिथे केलेली असते.

आणि इथेच सगळ्यात मोठा सापळा आहे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, मुलींना तसंच आज्यांचं, ही रीत दक्षिणेत कडक पाळत. म्हणजे विन्चेन्झोला चार मुलगे असले तर दहा-बारा वर्षांत त्याच गावात त्याच आडनावाचे चार विन्चेन्झो जन्मतात, सगळे सख्खे चुलतभाऊ. शिवाय मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव. तेव्हा जुळणारी पहिली नोंद मिळाली की थांबू नका. दोन-तीन वर्षं पुढे-मागे बघा, आणि मृत्यूच्या वहीत ते मूल गेलं का हेही तपासा. आईचं माहेरचं नाव जुळल्याशिवाय मी कुणाच्याही वंशवृक्षात नाव चढवत नाही. लग्नाच्या दाखल्यासाठी आणि सोशल सिक्युरिटीच्या अर्जासाठी मी एवढा आग्रह धरला तो याचकरता.

आईवडील नक्की झाले की त्यांचं लग्न शोधा, आणि लग्नासोबतची जोडपत्रं. अंतेनातीवर ती ‘प्रोचेस्सेत्ती’ किंवा ‘अल्लेगाती’ नावाने वेगळ्या गठ्ठ्यात असतात आणि बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत. लग्न करायचं तर वर-वधूच्या जन्माचा उतारा लागे. विधवा-विधुर असेल तर आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा. वडील वारलेले असतील तर त्यांच्या मृत्यूचा, आणि संमती द्यायला वडील नाहीत म्हणून बऱ्याचदा वडिलांच्या वडिलांच्याही मृत्यूचा उतारा जोडलेला असतो. हे सगळं एका धाग्यात शिवलेलं. १८३०च्या एखाद्या लग्नाचा असा गठ्ठा उघडला तर त्यातला आजोबा अठराव्या शतकात जन्मलेला असतो, आणि चर्चच्या लॅटिन वहीला हात न लावता तुम्ही तिथे पोचलेल्या असता.

काही घरांत मात्र वाट अडते. ‘आई अनामिक’ अशी नोंद बघून सासूबाईंना धक्का बसू देऊ नका. १८६६ ते १९२९ या काळात नुसतं चर्चमधलं लग्न सरकार मानत नसे, त्यामुळे चर्चमध्ये रीतसर लग्न झालेल्यांची मुलंही सरकारी वहीत अनौरस दिसतात. खरोखर टाकून दिलेल्या मुलांना अधिकारी आडनाव देई. एस्पोझितो हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. तिथे वंश बहुधा थांबतो. पुरुषांसाठी आणखी एक वाट म्हणजे सैन्यभरतीच्या याद्या. त्या वर्षी जन्मलेला गावातला प्रत्येक मुलगा त्यात असतो, अमेरिकेत निघून गेलेलासुद्धा, आईवडिलांच्या नावांसकट; हजर झाला असेल तर उंची, केसांचा रंग, लिहिता-वाचता येतं का, हेही.

ऑनलाइन पानं नसली तर कोमूनेला साध्या इटालियनमध्ये पत्र लिहा. एका पत्रात एकच माणूस, वर्ष आणि आईवडिलांची नावं देऊन, आणि जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल मागा. १०० वर्षांहून जुन्या नोंदींसाठी कोमूनेला २०२५पासून ३०० युरोपर्यंत शुल्क लावता येतं, तेव्हा आधी शुल्क विचारा. गावाची खात्री नसताना पाच कोमूनेंना पत्रं टाकणं आता महागात पडेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हा विषय निघाला की नागरिकत्व येतंच. मार्च २०२५च्या अध्यादेशाने (मे २०२५मध्ये त्याचा कायदा झाला) वंशावरून मिळणारं इटालियन नागरिकत्व साधारणपणे आईवडील किंवा आजी-आजोबांपर्यंत आणलं, आणि तेही त्या व्यक्तीकडे फक्त इटलीचंच नागरिकत्व असेल किंवा मृत्यूच्या वेळी असेल तर. तुमच्या यजमानांसाठी ते पणजोबा, म्हणजे एक पिढी लांब. सासूबाईंचं उत्तर आजोबांच्या नागरिकत्वाच्या फाइलवर ठरेल. त्यात पडायचं असेल तर ती फाइल हातात घेऊन वकिलाकडे जा.

सुरुवात १९१० आणि १९२०च्या जनगणनेपासून करा, मग नागरिकत्वाचा अर्ज. गावाचं नाव लागलं नाही तर इथे टाका, मी बघेन. फक्त गावाच्या नावाचा तुकडा कापून टाकू नका, अख्खं पान टाका. तो कारकून ‘एस’ आणि ‘एफ’ कसा काढतो हे त्याच्या बाकीच्या ओळी बघितल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.